आई कुणाच्या गाडीतून जाणार

सोहार, २ मे १९९९

थुरैया,

सलाम. तू बरी असशील, तुझा खमीस बरा असेल, आणि सूरचा समुद्र होता तिथेच असेल. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. आमचा फोन बैठकीच्या खोलीत आहे आणि आई दिवसभर त्याच्या शेजारी बसलेली असते. तुझं नाव कानावर पडलं की रिसीव्हर माझ्या हातातून ओढून घेते आणि मग अर्धा तास 'माझी थुरैया, माझी थुरैया'. मी आपली कालथा हातात धरून उभी. भात करपला तरी तिला वास येत नाही.

तर बातमी अशी की आईला तिच्या माहेरी, सलालाहला जायचंय. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन तिथल्या डोंगरावरून खाली आली, ती नंतर पावसाच्या दिवसांत एकदाही परत गेली नाही. आता धरून बसली आहे, "डोळे मिटायच्या आधी धुकं बघायचंय, हिरवं बघायचंय." हृदयाच्या डॉक्टरांनी विमानाला साफ नकार दिला. रस्त्यानं न्या म्हणाले, पण थांबत थांबत, मधे आडवं पडू देत. ओमानच्या पार दुसऱ्या टोकाला, इथून बाराशे किलोमीटर. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. पेट्रोल पंपामागच्या संडासात ती बसली तर उठवायला क्रेन लागेल. म्हणून हमूदनं ठरवलंय, मोठी गाडी घ्यायची आणि मागे कॅरव्हॅन ओढत न्यायची. कॅरव्हॅनमध्ये पलंग असतो, खुर्चीचा संडास असतो, चहाची शेगडीसुद्धा असते.

दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक अमेरिकन, लांबलचक, तीन रांगांची, तुमच्या गाडीसारखीच पण नवी. दुसरी जपानी, लांबीला कमी पण उंच आणि काय ऐटीची! दुकानदार म्हणतो, ही साडेतीन टन ओढते, डोंगर बांधा मागे. हमूदचा जीव मात्र टांगणीला. तो म्हणतो, "खमीस वीस वर्षं गाडीमागे होड्या बांधून ओढतोय, त्याला विचारल्याशिवाय सही करणार नाही." मी म्हटलं, सूरला विचारायला कशाला जायचं? पण नवऱ्यापुढे काय बोलणार. तर विचारते आहे. खमीसला विचारून लिही, आणि गाडीबद्दलच लिही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तोंड वाकडं नको. आई आमच्या गाडीतून जाणार. तू दोन दिवसांची असताना तुझी आई गेली आणि माझ्या आईनं तुला माझ्याबरोबर पाजलं, हे सगळं मान्य. दुधानं तू माझी बहीण आहेस, कुणी नाही म्हणत नाही. त्या दुधावर तू लोण्याचा गोळा झालीस आणि मी काडी राहिले, तेही मान्य. पण मला जिनं जन्म दिला ती माझ्या घरात राहते, आणि माझ्याच गाडीत बसेल.

झुवैना


सूर, १४ मे १९९९

झुवैना,

सलाम. पत्र मिळालं. आईच्या गुडघ्यांना लावायला शार्कच्या यकृताचं तेल पाठवते आहे. वास येतो म्हणून तू ते न्हाणीघरात ठेवशील, पण लाव.

खमीसला विचारलं. तो एरवी दोन शब्दांच्या वर बोलत नाही, पण गाडीचा विषय निघाला की त्याला कंठ फुटतो. मी त्याचं बोलणं जसंच्या तसं उतरून घेतलं आहे, दुसऱ्या पानावर आहे, ते हमूदला दे. थोडक्यात इथे सांगते.

दुकानदार ओढायची ताकद सांगतो, कारण तो आकडा मोठा असतो. उचलायची ताकद सांगत नाही. चालकाचं दार उघडलं की चौकटीवर एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर ती लिहिलेली असते. आमच्या गल्लीत एकाकडे तुम्ही बघितलेली तीच उंच गाडी आहे. खमीसनं जाऊन पट्टी वाचली. माणसं आणि सामान सगळं मिळून सहाशे किलो. आता कॅरव्हॅन पाणी, भांडी, अंथरुणं भरून दोन हजार किलोची धर. तिच्या वजनाचा दहावा हिस्सा मागच्या हुकवर बसतो, म्हणजे दोनशे. ते दोनशे गाडीच्या सहाशेतून जातात. उरले चारशे. तुम्ही आठ माणसं. शिवाय हमूद टपावर पाण्याची पिंपं आणि तांदळाची पोती बांधल्याशिवाय शेजारच्या गावीही जात नाही. मागची बाजू दबली की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग हातात नुसतं खेळणं राहतं. त्यात वाटेत हैमा गाव लागतं, त्याच्या पुढच्या माळावर जुलैत आडवा वारा असतो.

म्हणून तो म्हणतो, लांब गाडी घ्या, आणि तीही गच्च भरू नका. दोघं-तिघं दुसऱ्या गाडीतून येऊ द्या.

हे लिहायला मला अवघड जातंय, पण लिहिते. आमच्या गाडीत सहा जागा रिकाम्या असतात. गाडी जुनी आहे पण ठेंगणी आहे, आईला स्टुलाशिवाय चढता येईल. आम्हीही सलालाहला येऊ शकतो. आई आमच्याबरोबर पुढच्या सीटवर बसली तर तुमचा भार कमी होईल आणि मला बाराशे किलोमीटर आई मिळेल. वर्षातून दोनदा ईदला मी तिला भेटते, आणि तेव्हाही तू स्वयंपाकघरातून घड्याळ बघत असतेस.

थुरैया


सोहार, ९ जून १९९९

थुरैया,

गाडी घेतली. उंचवाली. पांढरी नाही, वाळूच्या रंगाची, आणि तुमच्या गाडीपेक्षा चांगली एक वीत उंच. हमूद पहिल्या दिवशी घेऊन आला तेव्हा गल्लीतल्या बायका कॉफीचे पेले हातात घेऊन दारात आल्या. प्रत्येकीनं माशाअल्लाह म्हटलं. आमच्यावर जळून कोळसा झालेल्या त्या झाहरानंसुद्धा म्हटलं. दात ओठ खात म्हटलं, पण म्हटलं.

आता तुझं पत्र घे. दोन पानं. मी तीनदा वाचलं. गाडी, कॅरव्हॅन, हुक, पट्टी, वारा, सगळं आहे. माशाअल्लाह एकदाही नाही. आईला वाचून दाखवताना मी मुद्दाम थांबले, म्हटलं आता येईल, आता येईल. आईनंच विचारलं, "देवाचं नाव नाही का गं लिहिलं पोरीनं?" मी काय सांगणार? दुसऱ्याच्या दारात नवी वस्तू येणार आणि सख्खी म्हणवणारी बहीण तिच्यावर देवाचं नाव न घेता नुसती वजनं मोजते. त्यालाच नजर म्हणतात, थुरैया. तुला शिकवायला नको.

मग जे करायचं ते केलं. नजर जिची लागते तिच्या हातची एखादी वस्तू जाळावी लागते. तुझ्या हातचं माझ्याकडे काय होतं? तेलाची बाटली, ती आईनं उशाशी लपवली. मग तुझ्या पत्राचं दुसरं पान धुपाटण्यात टाकलं, वर मूठभर लोबान, आणि तो धूर चारही चाकांना दाखवला. हुकलासुद्धा दाखवला. सही करण्याआधी हमूदनं विचारलं होतं, खमीसनं काय कळवलंय? मी म्हटलं, सलाम कळवलाय, आणि दोन्ही चांगल्या आहेत म्हणाला. घरातल्या घरात उगाच वाद नको.

आणि ती सहा रिकाम्या जागांची गोष्ट. मी सगळं समजते. वजन हे निमित्त, तुला आई हवी आहे. हमूदच्या गाडीला नावं ठेवून तुला आई मिळणार नाही. माझ्या गाडीत पाच मुलं आहेत, गच्च भरली तर भरू दे. गाडी भरायला आधी माणसं लागतात, थुरैया. ती काही दुकानात मिळत नाहीत.

आम्ही २४ जुलैला निघतो. तू येऊ नकोस.

झुवैना


सूर, २० जून १९९९

झुवैना,

माशाअल्लाह. माशाअल्लाह. माशाअल्लाह. झालं?

गाडी उंच आहे, रंग चांगला आहे, देव ती तुम्हाला लाभू दे. यापुढे तुझ्या गाडीबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही आणि खमीसलाही बोलू देणार नाही.

मला मूल नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. आजवर कुणी ते मला कागदावर लिहून पाठवलं नव्हतं. खमीसनं विचारलं, पत्रात काय आहे? मी म्हटलं, सलाम आहे. बघ, आपण दोघी एकाच दुधाच्या, खोटंसुद्धा एकच बोलतो.

आईला माझा सलाम सांग, किंवा सांगू नकोस.

थुरैया


हैमा, सरकारी दवाखाना, २९ जुलै १९९९

थुरैया,

हे पत्र सलालाहच्या बसवाल्याकडे देते आहे. तू आता वर डोंगरात असशील, आईसोबत. आई तुझ्या गाडीच्या पुढच्या सीटवर बसून गेली ते मी दवाखान्याच्या खिडकीतून बघितलं. स्टूल लागलं नाही. खमीसनं हात दिला आणि ती पोरीसारखी चढली. आमच्या गाडीत चढताना तिला हमूद आणि दोन मुलं ढकलत असत आणि ती प्रत्येक वेळी कलमा म्हणत असे.

तू आलीस तेव्हा मी तुझ्याशी बोलले नाही, म्हणून काय झालं ते तुला इतरांनीच सांगितलं असेल. माझ्याकडून ऐक.

हैमापर्यंत सगळं बरं होतं. म्हणजे मी बरं म्हणत होते. गाडीचं नाक आभाळाकडे आणि शेपूट जमिनीला. पहाटे समोरून येणारे ट्रकवाले सारखे दिवे मारत होते. हमूद म्हणाला, "आपल्याला सलाम करताहेत." मला माहीत होतं की आपल्या गाडीचे दिवे त्यांच्या डोळ्यांत जात असणार, कारण तुझ्या दुसऱ्या पानावर खमीसचं तेही उतरवलेलं होतं. ते पान जळलं पण मी तीनदा वाचलं होतं ना, ते डोक्यातून कसं जळणार? पेट्रोल पंपावर वजनकाटा होता. हमूद म्हणाला, सहज बघू या का? मी म्हटलं, पुढे चला, आईला ऊन लागतंय.

पुढे चाळीस किलोमीटरवर वारा सुटला. कॅरव्हॅन आधी थोडीशी डोलली, मग जास्त, मग तिनंच गाडीला हलवायला सुरुवात केली. हमूद स्टेअरिंग फिरवत होता आणि गाडी ऐकत नव्हती. आम्ही रस्ता सोडून वाळूत गेलो आणि कॅरव्हॅन आडवी झाली. देवाची कृपा, गाडी उभी राहिली. पण पुढचं दार दगडावर आदळून चेपलं आणि बस्माचा पाय त्यात अडकला. गुडघ्याखाली दोन ठिकाणी हाड मोडलंय. पंधरा वर्षांची पोर, ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत होती.

आणि आई! आईला खरचटलंही नाही. वाळूत बसली, डोक्यावरचा कपडा सारखा केला आणि पहिलं वाक्य काय बोलली? "थुरैयाला बोलवा." मी समोर उभी होते, थुरैया. माझ्या हातांना माझ्या लेकीचं रक्त लागलेलं होतं. आणि ती म्हणते, थुरैयाला बोलवा.

तुम्ही रात्रभर गाडी हाकत आलात. इतर मुलांना पोटाशी धरलंत, त्यांना खाऊ घातलंत, हमूद त्यांना घेऊन सोहारला परतला तोही खमीसच्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर. मला सगळं दिसत होतं आणि प्रत्येक गोष्टीनं माझ्या अंगाची आग होत होती. इथले गॅरेजवाले म्हातारे बलुची काका दार उघडून ती पट्टी बघत हमूदला म्हणाले, "बाबा, हे वाचलं नव्हतं का कुणी?" हमूदनं नकारार्थी मान हलवली. मी बाजूलाच होते.

खरं तर पत्र तुला दोष द्यायला घेतलं होतं. तुझी नजर लागली, असं लिहायचं होतं. लिहून बघितलं आणि कागद फाडला. चारही चाकांना धूर दाखवताना एक जण दाराची चौकट बघायला गेला असता तरी पुरलं असतं, हे मला कळतं. पण कळतं म्हणून जळफळाट थांबत नाही.

आईला मी म्हटलं, बस्माचं प्लास्टर सुकेपर्यंत माझ्याजवळ थांब. ती बस्माच्या केसांवरून हात फिरवत होती, दारातून तुझ्या गाडीकडे बघत होती. तेव्हा मी म्हटलं, "जा. जा तुझ्या लेकीबरोबर." आणि ती गेली.

डॉक्टर म्हणतात बस्माला दोन आठवडे तरी हलवायचं नाही. मी इथेच आहे. तुला पाहिजे ते मिळालं. सुखानं हिरवं बघा दोघी.

झुवैना


सलालाहच्या वरचा डोंगर, ३ ऑगस्ट १९९९

झुवैना,

पत्र बसवाल्यानं खाली बाजारात दिलं, खमीस घेऊन आला. बस्माला माझे पापे. तिला सांग, खमीस तिच्यासाठी काठी तासतो आहे, तिच्या उंचीची, मापानं.

तू इतकं लिहिलंस तर मीही लिहिते, नाहीतर छातीवर बसून राहील.

माशाअल्लाह मी विसरले नव्हते. पत्र लिहिताना दोनदा तो शब्द आला आणि दोनदा मी पुढचं वाक्य लिहिलं. माझा हात वळला नाही. तुझी गाडी, तुझी पाच मुलं, तुझ्या घरात फोनशेजारी बसलेली आई, या सगळ्यावर देवाचं नाव घ्यायला माझं मन मोठं नव्हतं. खमीसचा सल्ला खरा होता आणि माझा मत्सरही खरा होता. मी दोन्ही एकाच पाकिटात घातले, मग तू त्यातलं काय वाचणार?

पुढचं याहून वाईट आहे. तुझं ते पत्र आल्यावर, मुलांबद्दल लिहिलेलं, खमीसला कुठूनतरी कळलं की तुम्ही उंच गाडी घेतलीत. तो म्हणाला, "हमूदला फोन करतो, त्याला काट्यावर वजन करायला सांगतो." मी म्हटलं, नको, मी सगळं कळवलंय. पंधरा दिवसांनी त्यानं परत फोन उचलला. मी त्याच्या हातातून घेऊन खाली ठेवला. मला माहीत होतं की पान जळलंय आणि हमूदनं ते वाचलेलं नाही. तूच तर लिहिलं होतंस. त्या महिन्यात रोज नमाजानंतर माझ्या मनात एकच यायचं, त्यांची गाडी वाटेत कुठेतरी थांबावी. कुणाला लागू नये, पण थांबावी, आणि आईनं मला हाक मारावी. बस्माचा पाय मी मागितला नव्हता. पण गाडी थांबण्याचं मागताना त्या गाडीत कोण कोण बसलंय हे मी मोजलं नाही, आणि वजनं मोजायला मात्र मी पुढे होते.

खमीसला हे अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगते आहे.

आता आईचं ऐक. तुला वाटतं मी सुखात आहे. हैमापासून घाटापर्यंत पाचशे किलोमीटर ती माझ्याशेजारी बसली होती. मी आयुष्यभर हेच मागितलं होतं. तिनं पाणी मागितलं, एकदा लघवीला थांबवलं, बाकी एक शब्द नाही. घाट सुरू होण्याआधी काचेवर पहिले थेंब आले. खमीस म्हणाला, "आई, बघा, धुकं आलं." तिनं डोक्यावरचं काळं वस्त्र काढलं, चौघडी केली आणि डोळ्यांवर घट्ट बांधलं. मला वाटलं उजेडाचा त्रास होतोय. म्हणाली, "झुवैना येऊ दे. तिनं मला जा म्हटलंय. एकीला रस्त्यावर सोडून दुसरीबरोबर बघितलं तर हे हिरवं मला पचायचं नाही."

आज सहावा दिवस आहे. तिच्या भाच्याच्या घरी उतरलोय. दाराबाहेर गाई उभ्या असतात, धुकं थेट चुलीपर्यंत येतं, सगळे बघून वेडे होतात, आणि ही उंबऱ्यात डोळे बांधून बसते. धुकं नाकानं हुंगते. झोपताना सोडते, दार लावून, दिवा विझवून. भाचे हसले, समजावून थकले, रागावले. मी रडले, तर म्हणाली, "तू रडू नकोस, तुझ्यावर राग नाही." परवा न्हाणीकडे जाताना दगडाला ठेचकाळली आणि गुडघ्यावर पडली. रक्त आलं. आता दोन दिवस अंथरुणातच आहे आणि नीट जेवत नाही. तिच्या गोळ्या जेवणानंतरच्या आहेत, तुला माहीत आहे.

मी तिला आणलं, झुवैना. माझी गाडी, माझी पुढची सीट, माझा नवरा, आणि तिचे डोळे तुझ्यासाठी बांधलेले. इतका मत्सर मला त्या उंच गाडीचाही वाटला नव्हता.

तू आत्ता येऊ शकत नाहीस, मला कळतं. बस्माला टाकून येऊ नकोस. पण मी काय करू ते सांग. तिला माझं ऐकायचं नाही, तुझं ऐकेल.

थुरैया


हैमा, ६ ऑगस्ट १९९९

थुरैया,

फोनची गोष्ट वाचली. दिवसभर तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं, म्हणजे मनातल्या मनात. संध्याकाळी बस्मानं विचारलं, "आई, दुसरं पान तूच जाळलंस ना?" तिला तिच्या बापापेक्षा जास्त कळतं. मी हो म्हटलं. हमूदलाही आज फोनवर सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "पट्टी मला स्वतःला वाचता येत होती." त्यापेक्षा ओरडला असता तर बरं झालं असतं. तू खमीसला सांग. तुला माझ्यापेक्षा कमी लागायला नको.

राग आहे. लवकर जायचा नाही. पण तो तुझ्या-माझ्यातला आहे, त्यात म्हातारीचे गुडघे का फुटायचे?

खालचं आईला वाचून दाखव. शब्द बदलू नकोस.

आई, मी झुवैना. बस्मा बरी आहे, तिनं आज दोन पोळ्या खाल्ल्या आणि नर्सशी भांडली. दवाखान्यात मी तुला जे बोलले ते रागानं बोलले, तुला लागावं म्हणूनच बोलले. पण ते खोटं नव्हतं. मी 'तुझ्या लेकीबरोबर जा' म्हटलं आणि तू तुझ्या लेकीबरोबरच गेलीस. दुसऱ्या कुणाबरोबर नाही. तेव्हा आता डोळ्यांवरचं सोड आणि बाहेर जा. थुरैयाचा हात धर, एकटी चालू नकोस. काय काय दिसतं ते सगळं नीट बघून ठेव. आल्यावर तूच मला सांगायचं आहेस, थुरैया सांगताना पाल्हाळ लावते. आधी जेव, मग गोळ्या, मग बाहेर.

आईसाठीचं एवढंच. आता पुन्हा तुझ्यासाठी.

हे तिला वाचून दाखवताना रडू नकोस, थुरैया. तू रडलीस की ती तुलाच जवळ घेते.

झुवैना